पहिलं रिस्टोरेशन, जुनी डर्ट बाइक आणि गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशाचं गॅरेज असो, फोंड्यातलं स्पेअर पार्टचं दुकान असो की लग्नाची पंगत, जुन्या गाडीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. विचारणारा बहुतेक वेळा एखादी गाडी मनात पक्की करूनच आलेला असतो आणि त्याला फक्त ‘हो, घे’ एवढंच ऐकायचं असतं. खाली काही ठिकाणी ‘हो’ आहे, बऱ्याच ठिकाणी नाही.

डर्ट बाइक म्हणजे नेमकी कुठली? आपल्याकडे तर तशी गाडी शोरूममध्ये दिसलीच नाही.

खरं आहे. बाहेर या गाड्यांचा बहर १९६८ साली यामाहाच्या डीटी-१पासून आला. अडीचशे सीसीची, हलकी, रस्त्यावरही चालणारी आणि रानातही घुसणारी. पाठोपाठ १९७२ला होंडाची एक्सएल २५०, १९७३ला खास मोटोक्रॉससाठीची (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठीची) होंडाचीच एल्सिनोर, १९७६ला यामाहाची एक्सटी ५००. त्या काळात आपल्याकडे लोक जावा, राजदूत नाहीतर बुलेटसाठी नाव नोंदवून वाट बघत होते. मोटोक्रॉस करणारेही याच गाड्या घ्यायचे. हेडलाइट, मडगार्ड उतरवायचे, हँडल रुंद लावायचं, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं घालायचं आणि उतरायचे मातीत.

म्हणून गोव्यात ‘विंटेज डर्ट बाइक’ म्हणाल तर दोनच जाती. एक, बाहेरून आलेली खरी डर्ट बाइक. दुसरी, मातीत चालवण्यासाठी घडवलेली किंवा घडवता येईल अशी देशी गाडी. पहिल्या प्रोजेक्टला दुसरीच घ्या. का, ते पुढे येतंच.

मग कुठल्या गाड्यांचा विचार करू?

माझं मत आधी सांगतो: येझदी २५० किंवा राजदूत १७५. दोन्ही टू-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. हेड, सिलिंडर, पिस्टन, क्रँक आणि गियर. पहिल्यांदा इंजिन उघडणाऱ्याला आत काय चाललंय ते डोळ्यांनी कळतं.

येझदीचं घराणं मोठं आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर १९६०च्या सुमारास गाड्या बनवायला सुरुवात केली, १९७३पासून येझदी हे नाव आलं, १९७८ला रोडकिंग आली आणि १९९६ला कारखाना बंद झाला. याच चेक घराण्यातल्या सीझेडच्या गाड्यांवर जोएल रॉबेरने १९६४, १९६८ आणि १९६९ साली २५० सीसीचं मोटोक्रॉस जागतिक विजेतेपद घेतलं. रोडकिंग ही काही ती गाडी नव्हे, पण लांब स्ट्रोकचं, खालच्या फेऱ्यांत (कमी आरपीएमला) ओढ देणारं इंजिन (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६५ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिमी) चढावर कामाचं आहे. एक गंमत आधीच माहीत असू द्या: किक आणि गियरचा दांडा एकच असतो आणि गियर टाकताना क्लच आपोआप सुटतो. ते जुळवणं पहिल्यांदा डोकं खातं. एकदा जमलं की जमलं.

राजदूत १७५ ही फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११वरून घेतलेली. वेग नाही, रुबाब नाही, दूधवाल्याची गाडी म्हणून हिणवली गेली. म्हणूनच ती अजून माफक भावात मिळते. शिकायला हिच्यासारखी गाडी नाही.

बुलेट ३५०? इतिहास मातीतलाच आहे. १९४८ साली इटलीत सॅन रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये (खडतर वाटांवरच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत) ट्रॉफी जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या. पार्ट तर बुलेटइतके कुठल्याच जुन्या गाडीचे मिळत नाहीत. पण दीडशे किलोच्या वरची गाडी चिखलात आडवी झाली की एकट्याने उचलणं कठीण. शिवाय फोर-स्ट्रोक असल्यामुळे इंजिनाचं काम वाढतं. दुसरा प्रोजेक्ट म्हणून झकास.

सुझुकीच्या सामुराई, शोगुन, शाओलिन चांगल्या आहेत, दुर्लक्षित आहेत, त्यामुळे स्वस्तही पडतात. आणि ज्याला पहिल्याच दिवसापासून जास्त खालीवर होणारं, खड्डे पचवणारं सस्पेन्शन हवंय त्याने २०११ साली आलेली हिरोची इम्पल्स शोधावी. ती विंटेज नाही हे मला माहीत आहे. पण हात बसवायला बरी आणि तयार झाली की खरोखर रानात जाते.

मला यामाहाची आरएक्स १००च हवी. तिच्यात काय वाईट?

गाडीत काहीच वाईट नाही. शंभर किलोच्या आसपास वजन, ११ अश्वशक्ती, १८ इंची चाकं. मातीत पळवायला मजा येते. वाईट आहे तो बाजार. ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच बनली, आणि आता प्रत्येकाला तीच पाहिजे. त्यामुळे आरएक्सजी, आरएक्स १३५ यांच्यावर आरएक्स १००ची टाकी आणि स्टिकर चढवून विकणारे भरपूर. मूळ गाडीचे इंजिन आणि चेसी नंबर ‘१एल१’ने सुरू होतात. आरसीवर वेगळं काही असेल तर गोड बोलून निघून या. आणि खरी मिळाली तरी एवढी महाग पडते की पहिल्यांदा हातोडी चालवताना हात थरथरतो. शिकण्याच्या गाडीवर हात थरथरू नये.

हणजूणला एका परदेशी माणसाने सोडून दिलेली खरी डीटी पडून आहे. मालक म्हणतो, घेऊन जा. घेऊ?

हा गोव्याचा खास सापळा आहे. साठ-सत्तरच्या दशकांपासून युरोपातून जमिनीवरून गाड्या हाकत लोक हणजूण, हरमलपर्यंत आले. त्यातल्या बऱ्याच गाड्या ‘कार्ने’वर येत, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर. कस्टम ड्युटी भरलेली नसते आणि गाडी परत देशाबाहेर नेणं बंधनकारक असतं. ती इथेच राहिली म्हणजे ड्युटी बुडालेली. अशी गाडी तुमच्या नावावर होत नाही. उद्या कस्टमवाले दारात आले तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, जर्मनीला परतलेल्या माणसाला नाही.

तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) भावाने किंवा गल्फमधल्या काकांनी आणलेल्या गाडीचंही तेच. ड्युटी भरल्याची पावती, बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि त्यावरून झालेली भारतीय नोंदणी, हे तिन्ही दिसले तर पुढे बोला. त्यानंतरचा प्रश्न पार्टचा. डीटीची एक पिस्टन रिंग बाहेरून मागवायची तर रिंगपेक्षा टपाल आणि ड्युटीचाच खर्च जास्त, आणि तोवर इंजिन उघडं पडून राहणार. पहिल्या प्रोजेक्टचा उत्साह तेवढा टिकत नाही.

कागद नाहीत, पण गाडी एकदम मस्त आहे. काहीतरी होईल ना?

नाही. ‘आरटीओत माझा माणूस आहे’ म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका. आरसी हवी, आरसीवरचे दोन्ही नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळायला हवेत आणि विकणारा तोच मालक असायला हवा किंवा त्याचा कायदेशीर वारस. नंबरच्या जागी खरवडलेलं, पुन्हा ठोकलेलं किंवा जाड रंग दिसला तर तिथेच थांबा.

गाडी शेजारच्या आजोबांची. ते वारले. मुलगा विकतोय.

गोव्यात अशा गाड्या खूप असतात आणि सहसा त्याच सगळ्यात चांगल्या निघतात: एकाच हातातल्या, घराच्या पडवीत झाकून ठेवलेल्या. फक्त लक्षात घ्या की गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे आजीचा निम्मा वाटा आहे, उरलेल्यात सगळी मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. एकट्या मुलाची सही पुरत नाही. सगळ्यांची लेखी संमती घ्या. आधी गाडी वारसाच्या नावावर (फॉर्म ३१), मग तुमच्या नावावर (फॉर्म २९ आणि ३०). पोर्तुगालला असलेल्या मुलीची सही यायला महिना लागला तरी थांबा. पैसे त्यानंतर.

पाटीवर ‘जीडी’ आहे. ती जुनी म्हणून किंमत जास्त सांगतात.

जीडी म्हणजे गोवा, दमण आणि दीवच्या काळातली नोंदणी. गोवा १९८७ला राज्य झालं आणि पुढे ‘जीए’ आलं. पाटी दिसते छान, त्यावर भावनेचे थोडे पैसे जास्त गेले तर समजू शकतो. पण नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्या गाडीचं शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते वाहतूक खात्यात जाऊन विचारा, जुनी नोंद आता ऑनलाइन चढली आहे का तेही बघा. पाटीपेक्षा ते महत्त्वाचं.

गाडी बघायला गेलो की काय तपासायचं?

सकाळी जा. गाडी थंड हवी, मालकाने आधी तापवून ठेवलेली नको. सोबत लोहचुंबक, टॉर्च, स्पॅनर आणि जुनं फडकं.

सुरुवात चेसीपासून करा. इंजिन काय, पुन्हा बांधता येतं. हँडलच्या मानेखाली, मागच्या स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टजवळ आणि फूटरेस्ट जिथे जोडलेत तिथे टॉर्च मारून बघा. मातीत उड्या मारलेली गाडी याच तीन जागी चिरते. ताजं वेल्डिंग किंवा तेवढ्याच जागी नवा रंग दिसला तर कारण विचारा. मग गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहा: दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का?

लोहचुंबक टाकीवर आणि मडगार्डवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारा. किनाऱ्याजवळच्या गाडीत, म्हणजे कळंगुटपासून काणकोणपर्यंत कुठेही, खारा वारा बाहेरून आणि दमट हवा आतून काम करत असते. आतला तांबूस थर साफ करता येतो. तळाला भोकं असतील, तर टाकीची किंमत वेगळी धरा. आणि टाकीला घरी वेल्डिंग कधीही करू नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आतल्या वाफेला एक ठिणगी पुरते.

आता इंजिन. किक हळू दाबा. दाब जाणवायला हवा आणि थोडा वेळ टिकायला हवा. किक लोण्यासारखी गेली तर रिंगा किंवा बोअर संपलेत. किक अजिबात हलत नसेल तर पिस्टन चिकटलाय. तो सुटतो बहुधा, पण भाव त्या हिशेबाने करा. सुरू होत असेल तर पाच मिनिटं चालू द्या. टू-स्ट्रोक धूर काढणारच. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गियर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं गियरबॉक्सच्या बाजूचं सील गेलंय. फेऱ्या आपोआप चढत असतील तर कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. दोन्ही दुरुस्त होतात, पण क्रँककेस उघडावी लागू शकते.

सिलिंडर कितव्या बोअरला आहे, म्हणजे आतून किती वेळा कापून मोठा केलाय, ते विचारा. ओव्हरसाइज पिस्टन एका हद्दीपर्यंतच मिळतात, त्यानंतर नवा स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी). मालकाला माहीत नसेल तर त्याच्या मेकॅनिकला असतं.

शेवटी पुढच्या फोर्कच्या नळ्या. रबराचा बूट वर सरकवून बघा. गंजाचे खड्डे असतील तर नवी ऑइल सीलं महिनाभर टिकणार नाहीत.

बंद गाडी घेऊ की चालू?

चालू. निदान एकदा सुरू होणारी. ‘फक्त कार्ब्युरेटर साफ करायचाय’ असं म्हणून विकलेल्या गाडीचा फक्त कार्ब्युरेटर साफ करायचा कधीच नसतो.

काही भाग गायब आहेत. चालेल?

कुठले, त्यावर. केबल, लिव्हर, रबर, सीट कव्हर, चेन-स्प्रॉकेट, वायरिंग हे सगळं नवं मिळतं किंवा बनवून होतं. इंजिनाची कव्हरं, मूळ कार्ब्युरेटर, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग), टाकी, साइड बॉक्स, मूळ सायलेन्सर हे नसेल तर जपून. विशेषतः टू-स्ट्रोकचा सायलेन्सर. तो नुसता आवाज कमी करायला नसतो, त्याच्या आतल्या आकारावर इंजिनाची ताकद ठरते. बाजारातली पोकळ नळी लावली की आवाज वाढतो आणि ओढ जाते.

पोत्यात भरून दिलेली, ‘सगळं आहे त्यात’ अशी गाडी पहिल्यांदा नकोच. गाडी मूळची कशी जोडलेली होती ते बघितल्याशिवाय जोडायची म्हणजे चित्र न बघता कोडं लावणं.

पार्ट कुठे शोधू? नव्या जावा-येझदीचे चालतात का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. २०१८ला परत आलेली जावा आणि २०२२ची येझदी या वेगळ्याच फोर-स्ट्रोक गाड्या आहेत. नाव सोडून काही जुळत नाही.

पार्टसाठी मडगाव-म्हापशाच्या जुन्या दुकानांपासून सुरुवात करा. माळ्यावर काय पडलंय ते दुकानदारालाही आठवत नसतं, तेव्हा जुना भाग हातात घेऊन जा. त्यानंतर बेळगाव, कोल्हापूर आणि पुण्याची नाना पेठ. बोअर करणं, क्रँकचा रॉड बदलून प्रेस करणं ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात नीट होतात. स्वस्त, चकचकीत पिस्टन घेऊ नका. डब्यावर ब्रँडचं नाव आहे म्हणून आत तोच माल असेल असंही नाही.

मोटरसायकल पायलटची (दुचाकी टॅक्सीवाल्याची) जुनी गाडी मिळतेय. काळी-पिवळी.

मन भुलतं, कबूल. पण ती भाड्यावर चाललेली, दिवसभर दोन माणसं वाहिलेली गाडी. इंजिन अनेकदा उघडलेलं असणार. शिवाय नोंदणी व्यावसायिक असते, ती खासगी करून घ्यावी लागेल. स्वस्त असेल आणि चेसी सरळ असेल तरच.

दिल्लीहून स्वस्तात येतेय.

तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून बाहेर विकल्या जाणाऱ्या गाड्या वाढल्या. तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. इथला रोड टॅक्स आणि वाहतूक खर्च जोडलात की स्वस्ताई बरीच विरते. न बघता गाडी घेणं तर नकोच.

किती खर्च येईल?

आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही. एक हिशेब मात्र उपयोगी पडतो: तुमच्याकडे जेवढे पैसे आहेत त्याच्या एक-तृतीयांशात गाडी यायला हवी. उरलेल्यातले बरेचसे इंजिन, टायर, ब्रेक आणि वायरिंगला जातात. क्रोम आणि रंग शेवटी, पैसे उरले तर. लोक नेमकं उलटं करतात, रंग आधी मारतात. मग इंजिन बसवताना तोच रंग खरवडतात.

स्क्रॅम्बलर (मातीसाठी बदललेली रस्त्यावरची गाडी) करून घेतली तर?

हँडल, टायर, सीट, फूटरेस्ट, मडगार्डचं माती अडकणार नाही इतपत काम, एवढ्यावर थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. चेसी कापणं किंवा दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं म्हणजे नोंदणी धोक्यात. माझं म्हणणं वेगळंच आहे: जो बदल परत उलटा करता येत नाही तो करू नका. मूळ भाग पिशवीत, नाव लिहून, माळ्यावर.

विंटेज नोंदणी मिळेल का?

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला. हे नियम २०२१ला आले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या जावाला हे लागू होतं. आरएक्स १००ला २०३५पूर्वी नाही. मातीत चालवायची असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवणंच बरं.

काम कधी सुरू करू?

दिवाळीनंतर. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत उघडा ठेवलेला सिलिंडर आठवड्यात लालसर होतो, रंग नीट धरत नाही आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या बेअरिंगांची दैना होते. नोव्हेंबरात उघडा, चेसीचं आणि रंगाचं काम मार्चपर्यंत आटपा, इंजिन मेच्या आत जोडून बंद करा. पावसाळ्यात वायरिंग, सीट, कार्ब्युरेटर अशी घरात बसून होणारी कामं. उघडे भाग तेलाचा हात मारून झाकणाच्या डब्यात.

ब्रेकचे जुने लायनर फुंकर किंवा हवेच्या नळीने साफ करू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आताच्या पेट्रोलवर जुनी गाडी चालेल का?

चालेल, काळजी घेऊन. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळं बसतं आणि टाकी, कार्ब्युरेटर आतून गंजतात. गोव्याच्या दमट हवेत तर हे जास्तच. जुनी रबरं फुगतात, तेव्हा पेट्रोल नळी, कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरच्या रिंगा नव्या घाला. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. आणि ज्या गाडीत टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, तिथे मेकॅनिकच्या अंदाजावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तिकेतलं प्रमाण मोजून घाला.

तयार झाल्यावर चालवू कुठे?

समुद्रकिनाऱ्यावर नाही. ते बेकायदा आहे, पोलीस गाडी जप्त करतात आणि मीठ तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं. अभयारण्यात नाही. सत्तरी, डिचोली, सांग्याच्या खाणींच्या रस्त्यांवर नाही. त्या जागा मालकीच्या आहेत आणि खड्डे जीवघेणे. गावाबाहेरचा सडा (जांभ्या दगडाचं माळरान), कुळागराकडे (पोफळी-माडांच्या बागेकडे) जाणारी मातीची वाट, ओळखीच्या भाटकाराची (जमीनमालकाची) मोकळी जमीन, विचारून. पेरणी झालेल्या शेताच्या बांधावरून तर मुळीच नाही.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. दोघांनी मिळून करावं म्हणतो.

मग राजदूत घ्या. सोळाव्या वर्षी त्याला बिनगियरच्या ५० सीसीपर्यंतचंच लायसन मिळतं, त्यामुळे रस्त्यावर ही गाडी अठरापर्यंत चालवता येणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. कार्ब्युरेटर आणि वायरिंग त्याच्याकडे द्या. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो आणि प्रत्येक बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत, हे काम त्याच्याकडेच असू द्या. त्याच्या वयाची मुलं ते आपल्यापेक्षा नीट करतात.